उकिरड्याचा रविवार

बारकी कवळ्या बनवायची. इस्त्रीवाल्याच्या दुकानावरच्या मजल्यावर तिची लॅब होती. लॅब म्हणायचं आपलं. दोन खोल्या, एक मोठी खिडकी आणि सगळीकडे प्लॅस्टरची पांढरी धूळ. शहरातले दातांचे डॉक्टर तिच्याकडे लोकांच्या बोळक्यांचे साचे पाठवायचे आणि ती त्यांवर गुलाबी मेणात एकेक दात बसवायची. पुढचा एखादा दात जरासा तिरका बसवला तरच कवळी खरी वाटते, अगदी सरळ रांग लावली की हसणारा माणूस दुकानाच्या पाटीसारखा दिसतो, हे तिचं ठाम मत होतं. तिला ठाम मतं पुष्कळ होती. हात जितके शांत, तोंड तितकंच तिखट.

पन्नाशी उलटली, केस पिकले, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, तरी सगळे तिला बारकीच म्हणत, कारण ते नाव दादाने ठेवलं होतं. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर. अर्ध्या शहराला त्याने गाडी चालवायला शिकवलं आणि उरलेलं अर्धं शहर त्याच्या ओरडण्यामुळे रस्ता ओलांडायला शिकलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा त्याचा कारभार. दिवसभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून बोलायचा आणि घरी येऊन त्या शिकाऊ माणसांबद्दल बोलायचा. जेवताना वहिनीने एकदा त्याला विचारलं होतं, "तुम्ही घास कधी गिळता हो?" त्यावरही तो बराच वेळ बोलला.

बारकीने लग्न केलं नाही. का केलं नाही, असं कुणी विचारलं तर ती सांगायची, घर एवढंसं, रेकॉर्ड एवढ्या, त्यात माणूस कुठे ठेवू? हे उत्तर थट्टेचं असलं तरी रेकॉर्डचा भाग खरा होता. त्यासाठी मंडळींविषयी सांगायला हवं.

मंडळी म्हणजे एक रॉक बँड. पाच जण, खांद्यापर्यंत केस, एकूण नऊ रेकॉर्ड, मग आपापसात भांडणं आणि फाटाफूट. त्यांचं खरं नाव लांबलचक होतं. पण दादा आणि बारकी त्यांना घरच्यांसारखं नुसतं 'मंडळी' म्हणत. दादाने पहिल्या पगारात त्यांची रेकॉर्ड आणली तेव्हा बारकी शाळेत होती. आई ओरडत होती, वडील कानात कापूस घालून पेपर वाचत होते, आणि ही पोरगी रेकॉर्ड प्लेयरशेजारी फरशीवर पालथी पडून ऐकत होती. बाजू संपली तेव्हा ती म्हणाली, "तिसरं गाणं बेकार आहे." दादाने तिच्याकडे पाहिलं. त्यालाही तिसरं गाणं बेकार वाटलं होतं. त्या दिवशी ती बहीण राहिली नाही, बरोबरीची झाली.

पुढे दादाने त्यावर एक तत्त्वच काढलं. तो म्हणायचा, कौतुक कुणीही करतं, त्याला काय लागतं? मान डोलवली की झालं. नावं ठेवायला मात्र प्रेम लागतं. ज्याला मंडळींचं सगळ्यात वाईट गाणं सांगता येत नाही, त्याने मंडळी ऐकलेलीच नाहीत. आणि या तत्त्वातून उकिरड्याचा रविवार निघाला.

वर्षातून एकदा, एका रविवारी सकाळी, दादाच्या घरी पाच जण जमायचे. दादा, बारकी, शेजारच्या दवाखान्यातला कंपाउंडर, चौकातला घड्याळवाला आणि शाळेत भूगोल शिकवणारे मास्तर. मास्तरांना दिसेल त्या टेबलावर ताल धरायची सवय होती, म्हणून त्यांना मागे सगळे 'टेबल' म्हणत, आणि रंगात आल्यावर तोंडावरही म्हणत. त्या दिवशी मंडळींचं सगळ्यात वाईट गाणं कोणतं, यावर वाद व्हायचा. नियम दोनच. ज्या गाण्याला नावं ठेवायची ते आधी पहिल्यापासून शेवटपर्यंत गुणगुणून दाखवायचं, कारण पाठ नसलेल्या गाण्याला शिव्या द्यायचा हक्क कुणालाच नाही. आणि मतदानात जे गाणं हरेल ते उकिरड्यावर जायचं, म्हणजे पुढच्या वर्षीच्या रविवारपर्यंत त्या घरात वाजवायचं नाही. बाहेरच्या माणसाला तोंड उघडायची परवानगी नव्हती. वहिनीचा भाऊ एकदा सहज म्हणून गेला की हा सगळाच गोंगाट आहे, तर दादाने बायकोच्या भावाला चहासुद्धा विचारला नाही. वहिनी आठवडाभर फुगून बसली होती.

दरवर्षी दादाचं गाणं ठरलेलं. पाचव्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूचं, ज्याला हे सगळे 'हवामान' म्हणत. त्यात ऑर्गन वाजवणारा गडी अंगात कणकण असल्यासारख्या आवाजात हवामानाचा अंदाज वाचतो. वारे मध्यम, काही ठिकाणी धुकं, समुद्र शांत. पूर्ण नऊ मिनिटं. दादाला त्या गाण्याचा असा राग यायचा की जणू त्या ऑर्गनवाल्याने त्याच्याकडून गाडी उसनी नेऊन भिंतीवर घातली होती. तो उभा राहून बोलायचा, हातवारे करायचा, ऑर्गनवाल्याची नक्कल करायचा. बाकीचे पोट धरून हसायचे आणि मुद्दाम दुसऱ्याच गाण्याला मत द्यायचे, म्हणजे पुढच्या वर्षी दादाचं भाषण पुन्हा ऐकायला मिळेल.

मग एका सकाळी दादा दाढी करता करता न्हाणीघरात पडला.

जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, पाय हळूहळू सावरला, आणि बोलणं गेलं. एवढा मोठा आवाज, भिंतीला तडा जाईल असा, तो कुणी बटण दाबावं तसा बंद झाला. पहिले काही आठवडे तो तोंड उघडायचा, नुसता 'अ… अ…' असा आवाज यायचा आणि त्याच्या डोळ्यांत असं काही दिसायचं की बारकी नजर खाली घालायची. तिला त्या दिवसांत लोकांच्या कवळ्या बनवताना मध्येच हात थांबवून बसून राहावं लागायचं. नंतर दादाने तोंड उघडणंच सोडलं.

बोलणं शिकवायला एक थेरपिस्ट यायची. तरुण, हसरी, कमालीची सोशिक. ती चित्रांचे पत्ते दाखवायची. कप. किल्ली. मांजर. आयुष्यभर ज्याने जगाशी वाद घातला त्याला आता मांजर म्हणायला सांगत होते. दादा तिचा अपमान करायचा नाही, फक्त कूस बदलून भिंतीकडे तोंड करायचा. एक दिवस तिने वहिनीला आणि बारकीला जिन्यात बोलावलं.

"त्यांना सगळं समजतं," ती म्हणाली. "शब्दही आहेत आत. पण ते प्रयत्नच करत नाहीयेत. सुरुवातीच्या या महिन्यांत जेवढं परत येतं तेवढं नंतर येत नाही. त्यांना बोलावंसं वाटलं पाहिजे. त्यांना आवडतं असं काही नाही का?"

आवडतं असं काही नाही का, हे त्या घरात विचारणं म्हणजे नदीला पाणी आहे का विचारणं. बारकीने त्या दिवसापासून दादाच्या आवडीची सगळी गाणी वाजवली. एकामागून एक, रोज संध्याकाळी लॅब बंद करून. दादा ऐकायचा. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं, डाव्या हाताने तो ते पुसायचा, आणि झालं. शब्द एक नाही. मित्र येत. त्यांचं तर अजूनच अवघड. जणू दादाची वाचा नव्हे, कान गेलेत अशा थाटात ते मोठ्याने बोलत, "काय मग, बरं वाटतंय ना?" आणि मग मूग गिळून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. घड्याळवाल्याला निदान त्यात धंद्याची तरी गोडी होती.

कल्पना सुचली ती लॅबमध्ये. बारकी एका निवृत्त न्यायाधीशाच्या खालच्या कवळीला पॉलिश करत होती. यंत्र घरघरत होतं, आणि तिच्या मनात आलं, आपण किती मूर्ख आहोत. आवडीची गाणी ऐकवतोय. आवडीच्या गाण्यावर दादा कधी बोलला होता? आवडीच्या गाण्यावर तो डोळे मिटून गप्प बसायचा. तोंडाचा पट्टा सुटायचा तो नावडत्या गाण्यावर. तिने यंत्र बंद केलं. न्यायाधीशांचे दात तसेच टेबलावर हसत राहिले आणि ती चपला घालून जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गुप्त बैठक भरली. कंपाउंडर, घड्याळवाला, मास्तर आणि बारकी, भोवती फळ्यांवर प्लॅस्टरची बोळकी. बारकीचा बेत असा होता. उकिरड्याचा रविवार यंदाही भरवायचा. पण या वेळी सगळ्यांनी 'हवामान'चं कौतुक करायचं. मंडळींचं सर्वोत्तम गाणं म्हणायचं. असं म्हणत राहायचं, म्हणत राहायचं, की दादाला सहनच होणार नाही.

"मी 'हवामान'बद्दल चांगलं बोलू?" कंपाउंडर म्हणाला. "माझ्या तोंडाला फोड येईल."

"तू दवाखान्यात रोज लोकांना सांगतोस ना, इंजेक्शन दुखत नाही म्हणून?"

"ती गोष्ट वेगळी."

"मग तिथून सुरुवात कर."

तालीम झाली. घड्याळवाला म्हणणार होता की त्या गाण्यात एक गहन शांतता आहे. मास्तर भूगोलाच्या अंगाने बोलणार होते. कंपाउंडरने फक्त मान डोलवायची असं ठरलं. घरी बेत ऐकून वहिनी मात्र घाबरली. "बारके, त्यांचा रक्तदाब," ती म्हणाली. बारकीने सरळ दादाच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसू दाबलं आणि म्हणाले, वाद घालू द्या, फक्त ढकलाढकली नको. बारकीला इतका उत्साह चढला होता की त्या आठवड्यात तिने कामाचा डोंगर उपसला, इस्त्रीवाल्याला जिन्यात थांबवून विनाकारण मिठाईची पुडी दिली आणि आरशासमोर उभं राहून 'हवामान'ची स्तुती घोकली. तिची खात्रीच होती. दादा बोलणार. नाही बोलला तर काय, हा विचार ती मनात शिरूच देत नव्हती.

रविवार उजाडला. हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, खिडकीजवळच्या आरामखुर्चीत दादा, मांडीवर शाल. रेकॉर्ड प्लेयरवरचं कापड बारकीने काढलं. तिने पाचवी रेकॉर्ड काढली, दुसरी बाजू लावली आणि सुई ठेवली. वारे मध्यम, ऑर्गनवाला म्हणाला. काही ठिकाणी धुकं.

नऊ मिनिटं सगळे मान डोलवत बसले. मग घड्याळवाला खाकरला. "मला अलीकडे असं वाटायला लागलंय," तो पाठ केलेल्या धड्यासारखा म्हणाला, "की या गाण्यात एक गहन शांतता आहे."

"वाऱ्यांचा विचार करता," मास्तर म्हणाले, "किनारपट्टीच्या दृष्टीने हे फार अचूक काव्य आहे."

कंपाउंडरने मान डोलवली. इतकी डोलवली की त्याचा चष्मा नाकावर घसरला.

"मी तर म्हणते, मंडळींनी याहून चांगलं काही केलंच नाही," बारकी म्हणाली आणि दादाकडे पाहू लागली.

दादाने आधी घड्याळवाल्याकडे पाहिलं. मग मास्तरांकडे. मग कंपाउंडरकडे जरा जास्त वेळ, कारण बिचाऱ्याच्या कपाळावर घाम आला होता. शेवटी बारकीकडे. त्याच्या ओठाचा डावा कोपरा वर गेला, खांदे हलले. तो हसत होता, आवाज न करता. त्याला सगळं कळलं होतं. चाळीस वर्षं ज्याने शेजारी बसून माणसाचा पाय कुठल्या क्षणी चुकीच्या पेडलवर जाणार हे ओळखलं, त्याच्यापासून ही चौघं काय लपवणार? आणि मग हसू ओसरलं. त्याने डाव्या हाताने शाल नीट केली आणि तोंड खिडकीकडे वळवलं. बाहेर रस्त्यावर एक माणूस सायकलला हवा भरत होता. दादा त्याच्याकडे पाहत राहिला.

इतके दिवस दूर ठेवलेला विचार आता दार न वाजवता आत आला आणि बारकीच्या मांडीला मांडी लावून बसला. हा आता बोलणार नाही. हा असाच खिडकीतून बघत म्हातारा होईल आणि मला बारकी म्हणणारा आवाज मी पुन्हा ऐकणार नाही. तिने उठून रेकॉर्ड काढली, पाकिटात घातली, आणि नुसतं काहीतरी करायचं म्हणून समोर आलेली दुसरी लावली. वहिनीने चहा आणला. कप वाटले गेले. कुणीतरी पावसाचं विचारलं आणि 'हवामान' आठवून गप्प बसलं.

लावलेली रेकॉर्ड सातवी होती. तिचं शेवटचं गाणं सुरू झालं, ज्याला ते 'आगबोट' म्हणत, कारण सुरुवातीला एक लांबलचक भोंगा आहे. बारकीचं सगळ्यात लाडकं गाणं. मास्तर बशीत चहा ओतता ओतता, कुणाला उद्देशून नाही असं, म्हणाले, "खरं सांगायचं तर, कौतुकबितुक जाऊ द्या, पण यंदा मी आगबोटीला मत देणार होतो."

बारकीला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कशासाठी मत?"

"उकिरड्यासाठी. शेवट बघ ना त्याचा. तेच तेच, तेच तेच. भोंगा वाजला, बोट निघाली, आता जा की बाई. पण नाही."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा. बारकीने कप खाली ठेवला. "टेबल, तुम्हाला तालाची सवय आहे, समज नाही. तो शेवट म्हणजे सगळं गाणं आहे."

"मलाही तो लांब वाटतो," कंपाउंडर म्हणाला. खोटं बोलायची सक्ती संपल्यामुळे त्याला इतकं हलकं वाटत होतं की तो खुर्चीच्या कडेवर येऊन बसला. "दोन मिनिटं कापली असती तर काय बिघडलं असतं?"

"तुझ्या बाटल्यांतलं औषध काप दोन चमचे. गाणं नाही कापायचं."

"एक मिनिट," घड्याळवाला म्हणाला, "लांबी सोडा. लांबीचं मला काही नाही. पण त्या शेवटात ड्रमवाला चुकतो. मी पैजेवर सांगतो. माझं आयुष्य टिकटिक ऐकण्यात गेलंय. एक ठोका पुढे पडतो त्याचा."

आता मात्र बारकीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती उभी राहिली. तो ठोका चुकलेला नाही, तो मुद्दाम पुढे टाकलाय, बोट धक्क्यावरून सुटताना जसा हिसका बसतो तसा, आणि ज्याला हे कळत नाही त्याने घरी जाऊन घड्याळाचा गजर ऐकावा. मास्तर म्हणाले, हिसकाबिसका काही नाही, गडी प्यायला होता. बारकी म्हणाली, पुरावा काय? कंपाउंडर म्हणाला, सगळेच प्यायचे. घड्याळवाल्याने टेबलावर बोटाने ठोके मोजून दाखवले, मास्तरांनी त्याच टेबलावर त्याचे ठोके खोडून स्वतःचे मोजले. बारकी दोघांच्या मध्ये उभी राहून हाताच्या चुटक्यांनी तिसराच ताल देत होती. मध्येच गाणं त्या जागी पोचलं, चौघांनी एकदम "हे बघ" म्हटलं, आणि चौघांनाही आपापलंच खरं ऐकू आलं. सुई पुन्हा मागे नेली. पुन्हा तेच. आवाज चढले. खालच्या मजल्यावरून कुणीतरी काठीने छताला ठोकलं, तर मास्तर म्हणाले, "बघा, त्यांनासुद्धा कळतंय कुठे चुकलाय ते."

आपण इथे कशासाठी जमलो, खिडकीशी कोण बसलंय, हे चौघेही साफ विसरले होते. बारकीसुद्धा. तिची दादाकडे पाठ होती, चेहरा लाल, केसांतली पिन निसटलेली, आणि ती तिसऱ्यांदा सुई ठेवत सांगत होती, "नीट ऐका. हा इथे, हा… आणि हा. चुकलाय? कुठे चुकलाय? मुद्दाम टाकलाय तो."

"चुकलाय," मागून आवाज आला.

"तू गप्प बस दादा," बारकी वळूनही न बघता म्हणाली, "तुला तालातलं काय कळतं?"

आणि मग रेकॉर्ड तेवढी वाजत राहिली.

मास्तरांचं बोट टेबलावर टेकलेलंच राहिलं. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभी होती, हातात रिकाम्या कपांचा ट्रे, आणि कप एकमेकांवर किणकिणत होते. बारकी सावकाश वळली. दादा खुर्चीत पुढे झुकला होता. शाल खाली पडली होती. चेहऱ्याची डावी बाजू रागाने ताठ झाली होती, उजवी तिच्या मागे ओढली जात होती, आणि त्याचे ओठ पुढच्या शब्दाशी झटत होते. डाव्या हाताने तो खुर्चीच्या हातावर मारत होता. शब्द येईना म्हणून चिडला, पुन्हा मारला, आणि मग एकेक अक्षर ओढत, जड, तुटक, पण त्याच्याच आवाजात, तो म्हणाला, "चु… चुकलाय. दो… दोनदा."

बारकीला त्याच्या गळ्यात पडायचं होतं. तसं तिने केलं असतं तर कुणीही नावं ठेवली नसती. पण तिने दादाचे डोळे पाहिले. त्यांत कौतुकाची वाट पाहणारं काही नव्हतं, ते उत्तराची वाट पाहत होते. आत्ता आपण रडलो, टाळ्या वाजवल्या, "बोलला, बोलला" केलं, तर हा पुन्हा मांजर म्हणायला सांगितलेला माणूस होईल, हे तिला विजेसारखं लख्ख कळलं. तिने घसा साफ केला.

"दोनदा?" ती म्हणाली. आवाज फाटत होता, तिने तो ओढून ताणून सरळ केला. "दोनदा कुठे? दाखव."

सुई पुन्हा ठेवली. दादाने डोळे मिटले. पहिली जागा आली, हात खुर्चीवर आपटला. "ही." मग बराच वेळ काही नाही, मास्तरांचं कपाळ आक्रसलेलं, कंपाउंडरने दोन्ही हात तोंडावर धरलेले, कारण तो हुंदके देत होता आणि वादात व्यत्यय नको म्हणून आवाज दाबत होता. मग गाणं अगदी संपता संपता, जिथे चौघांनीही कधी कान दिला नव्हता तिथे, हात पुन्हा आपटला. "ही… पण."

"अहो, खरंच की," घड्याळवाला म्हणाला.

"काही खरं नाही," बारकी म्हणाली. ती भांडली. पुढचा तासभर ती जीव तोडून भांडली, कारण जराही सैल सोडलं असतं तर दादाने ते लगेच ओळखलं असतं. तो मध्येच अडायचा, 'ड्रम'ऐवजी 'दार' म्हणायचा, चिडून मान हलवायचा, आणि ती त्याच्या तोंडातला शब्द काढून न घेता, पूर्वी कधीच थांबली नव्हती तेवढी थांबून, मग त्या शब्दावर तुटून पडायची. मतदान झालं. आगबोटीच्या विरुद्ध चार हात वर गेले, त्यांतला एक डावा. बारकीचं लाडकं गाणं वर्षभरासाठी उकिरड्यावर गेलं. दादा खुर्चीत मागे रेलला. घामाने भिजला होता, दमला होता, आणि एखाद्याने पहिल्या फटक्यात लायसन्स मिळवावं तसा खूश दिसत होता.

कपांचं निमित्त करून बारकी स्वयंपाकघरात गेली. वहिनी ओट्याला टेकून उभी होती, पदराने तोंड झाकलेलं. दोघींनी एकमेकींना मिठी मारली आणि कितीतरी वेळ तशाच उभ्या राहून रडल्या, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला.

"मी त्याला गप्प बस म्हटलं, वहिनी," बारकी म्हणाली. "इतके महिने वाट बघितली, आणि तो बोलला तर मी त्याला गप्प बस म्हटलं."

"म्हणालीस ते बरं केलंस," वहिनी डोळे पुसत म्हणाली. "इतक्या महिन्यांत त्यांना तसं कुणी म्हटलं नव्हतं." तिने नळ बंद केला. "आता एक दिवस तरी वाद नको. चुकला असेल तो ड्रमवाला, सोडून दे."

बारकीने नाक पुसलं, चष्मा डोळ्यांवर नीट बसवला.

"तुमच्यासाठी म्हणून सोडते," ती म्हणाली. "पण चुकलेला नाहीये तो."

"चुकलाय," बाहेरून दादा म्हणाला.